हिलारीच्या मेंढ्यांचा कान

एनेटवाल्ड गावच्या मैदानावर नेमबाजीत कुणाची गोळी मातीत गेली, की बाकीचे म्हणतात, "झाला याचा फ्रिडली!" आता फ्रिडली राइनर हा काही कुणी सोम्यागोम्या नव्हे. ज्या हिलारी राइनरनं सव्वाशे वर्षांपूर्वी साऱ्या ग्लारुस मुलखाला नेमबाजीत पाणी पाजलं, त्याचा हा पणतू. त्या काळी जिंकणाऱ्याला सरकारकडून विजारीचं कापड मिळायचं, आणि हिलारीनं ते इतकं जिंकलं की म्हणे अर्धा गाव त्याच्याच विजारी घालून चर्चला जायचा. अशा माणसाच्या घरात जन्म घेऊन फ्रिडलीला उभ्या आयुष्यात गोठ्याचं दार टिपता आलं नाही. देवाघरचा न्याय, दुसरं काय!

बरं, नेम नाही तर नाही, गप घरी बसावं ना माणसानं? पण तीही सोय नव्हती. शरदातल्या मोठ्या नेमबाजीची पहिली गोळी हिलारीच्या घरानंच झाडायची, असा गावचा रिवाज. बाप गेल्यावर तो मान फ्रिडलीकडे आला आणि चाळीस वर्षं त्यानं तो इमानानं चालवला. दरवर्षी धुतलेला कोट घालून यायचं, पालथं पडायचं, एक डोळा मिटायचा, आणि भोपळा. समोर निशाणाच्या फळीखालच्या खंदकात दाखव्या बसलेला असतो, गोळी कुठं लागली ते काठीनं दाखवणारा. तो काठी डावी-उजवी हलवून "काही नाही, काही नाही" असं सांगायचा आणि मैदान हसून लोळायचं. फ्रिडलीही त्यांच्यात हसायचा. त्याची गोळी वाया गेल्याशिवाय सण सुरू झाला असं कुणाला वाटतच नसे.

त्या वर्षी गावच्या नेमबाजी मंडळाला दीडशे वर्षं पुरी होत होती, आणि नेमका त्याच वर्षी फ्रिडलीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वसंतातल्या बैठकीत, श्टाइनबॉक खानावळीत, त्यानं बिअरचा पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "यंदाची पहिली गोळी माझी सालोमे झाडेल."

सालोमे शेजारीच बसली होती. तिलाही ही बातमीच होती. सेहेचाळीस वर्षांची, डेअरीची गाडी चालवणारी, खोऱ्याखोऱ्यांतून चीज पोचवणारी ही बाई फ्रिडलीची एकुलती एक लेक. पण पोटची नव्हे. फ्रिडली आणि त्याची बायको आगाथे यांनी तिला तीन वर्षांची असताना खालच्या शहरातल्या अनाथाश्रमातून आणलं होतं. आगाथे जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात ही दोघंच, दिवसभर भांडत आणि संध्याकाळी एकाच ताटलीतलं लोणचं खात.

"बाई झाडणार?" मागून कुणीतरी कुरकुरलं.

"बाई आता मत देते, बाई गाडी चालवते, आणि तुझ्या घरात तर तोफखाना बाईच सांभाळते!" फ्रिडली गरजला. खानावळ हसली.

हसला नाही तो फक्त बाल्झ. बाल्झ म्हणजे फ्रिडलीच्या धाकट्या भावाचा मुलगा, लाकूड कापायच्या गिरणीचा मालक, मंडळाचा अध्यक्ष आणि खोऱ्यातला एक नंबरचा नेमबाज. त्याच्याकडे बघून म्हातारी माणसं म्हणायची, हिलारी परत आला.

"बाईचं राहू दे, काका," तो म्हणाला. "पण हा मान हिलारीच्या रक्ताचा आहे. सालोमे मला बहिणीसारखी आहे, पण..."

"सारखी!" फ्रिडली म्हणाला. "ऐकलंत? सारखी!"

"काका, मी वाईट बोलत नाही. आपण सोहळ्यासाठी हिलारीच्या वंशाची फळी रंगवून घेतोय. हिलारीपासून आजपर्यंत सगळी नावं. त्या फळीवर ज्याचं नाव, त्यानं गोळी झाडावी. सरळ गोष्ट आहे."

"मग ती फळी सालोमेच तयार करील! हिलारीचं घर कुठून कुठं आलं, ते तीच शोधेल. आणि तिचं नाव कुठं बसतं तेही तीच सांगेल." म्हाताऱ्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की बाल्झची बिअर त्याच्याच बाहीवर सांडली.

घरी जाताना सालोमे भडकली होती. "बाबा, मला विचारायचं तरी! मला काय करायचीय तुमची ती गोळी?"

"तुला नकोय?"

खोटं कसं बोलणार? गोळीचं तिला काही नव्हतं. पण 'फ्रिडलीची सालोमे' असं सगळं गाव म्हणत असलं, तरी 'राइनरांची' असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. लहानपणापासून ती त्या एका शब्दाची वाट बघत होती. सेहेचाळीसाव्या वर्षीसुद्धा हवा होता तो तिला. लाज वाटत होती, तरी हवा होता.

"हवीय," ती म्हणाली.

"मग शोध. घरात पूर्वी कधी कुणी असं बाहेरून आलेलं सापडलं, तर बाल्झचं तोंड बंद."

तर अशी सालोमे कामाला लागली. आधी गेली पाद्रीबाबांकडे. चर्चच्या जुन्या वहीत हिलारी होता, त्याची बायको बार्बारा होती, दोघांचं लग्न होतं. त्यांचा मुलगा कास्पर, म्हणजे फ्रिडलीचा आजा, त्याचंही लग्न आणि मरण होतं. नव्हता तो फक्त कास्परचा बाप्तिस्मा.

"राहिला असेल लिहायचा," सालोमे म्हणाली.

पाद्रीबाबा तरुण होते, पण कच्चे नव्हते. "त्या काळात? एक वेळ गाईला वासरू झालेलं लिहायचं राहील, पण पोराचा बाप्तिस्मा राहायचा नाही. झालाय तो. फक्त इथे झालेला नाही."

मग कुठं? गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून झालं. त्यांनी तिला हिलारीच्या हजार गोष्टी ऐकवल्या. त्यानं उडत्या कावळ्याच्या चोचीतला दाणा टिपला. तो ऐन भरात असताना बंदूक खुंटीला टांगून मोकळा झाला. हरण्याआधी थांबला, याला म्हणतात शहाणपण. आणि सगळ्यात शेवटी, दरवेळी, मेंढ्यांचा कान.

हे कानाचं प्रकरण असं. उन्हाळ्यात साऱ्या गावाच्या मेंढ्या वर एकाच कुरणात चरतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढ्यांच्या कानावर आपली खूण करतं. गावातल्या झाडून सगळ्या राइनरांची खूण म्हणजे कानाच्या टोकाला चीर. कुणाची एक, कुणाची दोन. फक्त हिलारीच्या घरच्या मेंढ्यांच्या कानात मधोमध गोल भोक. का? तर ती हिलारीची गोळी! मधोमध लागलेली! फ्रिडलीच्या मेंढ्या रस्त्यानं चालल्या की गावकरी पाहुण्यांना बोट दाखवून सांगायचे, आणि फ्रिडली छाती फुगवून मेंढ्यांच्या मागे चालायचा.

या खुणेचा एक कडक नियम आहे. नाव कुणाचंही लावा, कान मात्र जन्मदात्या बापाचा. घरजावई आला तरी त्याच्या मेंढ्यांना त्याच्या बापाची खूण. अनाथ पोर वाढवलं तरी त्याच्या वाट्याच्या कोकराला त्याच्या बापाची खूण. सालोमेला पंधराव्या वर्षी फ्रिडलीनं कोकरू दिलं तेव्हा त्याच्या कानाला मधोमध भोक पाडलं होतं. त्यावरून बाल्झचा बाप चार वर्षं फ्रिडलीशी बोलला नाही.

उन्हाळा असाच गेला. सापडलं काहीच नाही. फळी रंगवणारा सुतार रोज विचारायचा, "काय गं, नावं देतेस ना?"

आणि मग सप्टेंबरच्या सुरुवातीला डेअरीला डोंगराच्या पाठीमागचं एक नवीन गिऱ्हाईक मिळालं. खिंडीतून चालत गेलं तर एका दिवसाची वाट, पण गाडीनं अख्ख्या डोंगराला वळसा घालून जावं लागतं. एनेटवाल्ड सगळं प्रोटेस्टंट, पलीकडे सगळे कॅथलिक. फ्रिडलीच्या तोंडी त्यांच्याबद्दल नेहमी एकच चेष्टा: देव त्यांना बिचाऱ्यांना मेणबत्तीशिवाय दिसत नाही. सालोमे चीज पोचवून परत निघाली, तर ओबरश्टॉकच्या वस्तीजवळ रस्ताभर मेंढ्या. तिनं हॉर्न वाजवला. मेंढ्या हलेनात. एक म्हातारा एडका खिडकीशी येऊन तिच्याकडे बघत उभा राहिला.

त्याच्या कानात मधोमध गोल भोक होतं.

सालोमेनं गाडी बंद केली. खाली उतरून दुसरी मेंढी बघितली, तिसरी बघितली. भोक, भोक, भोक.

"अगं ए बाई! विकत घ्यायच्यात की चोरायच्यात?" शेजारच्या घरापुढच्या बाकावर शेंगा सोलत बसलेली एक म्हातारी ओरडली. तिचं नाव क्रेशेन्झ फिफ्नर. पंच्याऐंशीची, दात दोन, आवाज मात्र चर्चच्या घंटेचा.

"आजी, हा कान आमचा आहे," सालोमे म्हणाली.

"तुमचा? चोर तर चोर, वर शिरजोर! तुझ्या खापरपणज्याच्या आधीपासून हा फिफ्नरांचा कान आहे. कुठली तू?"

"एनेटवाल्डची. आमच्या हिलारी राइनरनं सुरू केला हा. त्याची गोळी आहे ती."

शेंगा सोलणारे हात थांबले. म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राइनर," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे तू त्या घरची. बस इथे. आधी काही खाल्लंयस का?"

सुक्या नासपतीचा पाव आणि कॉफी आली, आणि पाठोपाठ गोष्ट. क्रेशेन्झला ती तिच्या आजीनं सांगितलेली. आजीचा धाकटा दीर योस फिफ्नर. त्याची बायको बाळंतपणात गेली. तान्हं पोर पाठीला बांधून तो कामासाठी खिंड ओलांडून एनेटवाल्डला गेला. हिलारीच्या घरी बकऱ्या राखायचा आणि सणाच्या दिवशी मैदानावर दाखव्याचं काम करायचा. हिलारीची बायको पोर सांभाळायची.

"एका शरदात नेमबाजी चालली होती," म्हातारी सांगत होती. "योस फळीवरची भोकं बुजवून खंदकात गेला, बावटा आत घेतला. म्हणजे मैदान मोकळं. हिलारीनं नेम धरला. आणि आमचा शहाणा टोपी विसरला होता फळीपाशी! ती घ्यायला परत वर आला. एका टोपीपायी गेला बघ."

सालोमेच्या हातात पावाचा तुकडा तसाच राहिला. "हिलारीच्या गोळीनं?"

"हिलारीच्या गोळीनं. कुणाचा दोष? कुणाचाच नाही. पण त्या माणसानं त्यानंतर बंदुकीला हात लावला नाही. स्वतः खांदा देऊन योसला खिंडीतून इकडे आणलं. पोर त्याच्याकडेच राहिलं. आमच्याकडे खाणारी तोंडं नऊ, आम्ही नेऊन काय करणार होतो? शिवाय त्याच्या बायकोला मूल नव्हतं आणि पोराला तिचा लळा लागला होता. त्यानं त्याला आपलं नाव दिलं. वर्ष झालं नाही तोच एक दिवस तो आमच्या दारात उभा. खांद्यावर कोकरू, कानाला खूण नसलेलं. आजी त्याला दारातूनच हाकलणार होती. तो म्हणाला, बाई, नाव माझं आहे, पण कान त्याच्या बापाचा हवा. तुमची खूण करून द्या. मग आजीनं आपल्या हातानं भोक पाडून दिलं. फार रडली म्हणे त्या दिवशी. तोही रडला."

"पण आमच्या गावात कुणालाच हे कसं माहीत नाही?"

"कसं असेल! तुमच्यातल्या घरात कॅथलिक पोर, तेही त्या काळात? पाद्रीनं राहू दिलं असतं? म्हणून सगळ्या गावानं तोंडाला कुलूप घातलं. कुलूप घातलं ते घातलं, वर किल्लीही हरवून बसले! त्या पोराचं नाव कास्पर. बाप्तिस्मा इथलाच, आमच्या चर्चमधला. जाऊन बघ हवं तर."

सालोमेनं जाऊन बघितलं. होता.

परतीच्या वाटेवर पहिली काही वळणं तर ती चक्क गात होती. सापडलं की! हिलारीला मूल नव्हतं. बाहेरून आणलेल्या पोरानं त्याचं घर चालवलं. तिच्यासारख्याच, अगदी तिच्यासारख्या! आता बाल्झ काय बोलणार?

मग एका वळणावर तिच्या डोळ्यांपुढे बाबा आले. दर रविवारी हिलारीचा जस्ताचा पेला खडूनं घासून लख्ख करणारे, मेंढ्यांमागून छाती काढून चालणारे बाबा. त्या माणसाजवळ होतं काय? नेम नव्हता, पैसा नव्हता, पोटचं मूल नव्हतं. होतं ते एक रक्त. हिलारीचं. आणि आता ही पोसलेली पोरगी जाऊन त्याला सांगणार, की बाबा, तुमच्या अंगात त्याचा एक थेंबही नाही, पण मला मात्र माझा मान मिळाला. तिनं गाडी कडेला घेतली. तिला स्वतःची शरम वाटली.

घरी आल्यावर ती काही बोलली नाही. पुढचे कित्येक दिवस बोलली नाही. जेवण करपवलं, मेंढ्यांवर डाफरली, सुताराला टाळायला मागच्या गल्लीनं गाडी नेली. शेवटी सोहळ्याच्या आधीच्या रविवारी, फ्रिडली पेला घासत बसला असताना, तिनं एकदाचं सांगितलं, "बाबा, मी गोळी झाडणार नाही. बाल्झलाच झाडू दे."

"का?"

"मला काही सापडलं नाही."

फ्रिडलीनं पेला ठेवला. "सालोमे, मला मोतीबिंदू झालाय, पण तो डोळ्याला. तू लहानपणी साखर चोरायचीस तेव्हा असाच आवाज काढायचीस. काय सापडलं?"

"बाबा, राहू द्या ना."

"आपण काय परक्या घरात आलोय, की आपलीच गोष्ट आपण ऐकू नये? बोल!"

मग ती बोलली. योस, टोपी, कोकरू, कास्पर, सगळं. मान वर न करता बोलली.

"म्हणजे हिलारीचं रक्त नाहीच," फ्रिडली म्हणाला.

"नाही."

"थेंबभरही?"

"नाही, बाबा."

तो उठला, काठी घेतली आणि बाहेर गोठ्याकडे गेला. सालोमे टेबलाशी डोकं धरून बसली. मेला आता हा माणूस, तिला वाटलं, आणि मारला मी. थोड्या वेळानं गोठ्यातून कसलासा आवाज यायला लागला. ती धावतच गेली. फ्रिडली गवताच्या भाऱ्यावर बसला होता, एका मेंढीचा कान हातात धरून, आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते.

"बाबा! रडू नका हो!"

त्यानं तोंड वर केलं. म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसत होता.

"माझा दोष नव्हता!" तो म्हणाला. "सालोमे, अगं माझा दोषच नव्हता!"

"कसला दोष?"

"माझा बाप दर रविवारी मला मैदानावर न्यायचा. दर रविवारी! गोळी चुकली की म्हणायचा, हिलारीचं रक्त नासवलंस. मेला तेव्हासुद्धा हेच म्हणत मेला. चाळीस वर्षं लोकांबरोबर मी हसलो, पण घरी येऊन विचार करायचो, एवढं सोनं अंगात असून माझ्याच हातात लोखंड का? देवानं मलाच का वगळलं? आणि मुळात सोनं नव्हतंच! बकऱ्या राखणाऱ्याचा पणतू मी. बकऱ्या राखणाऱ्याचा नेम कसा असणार? असाच असणार!" त्यानं नाक पुसलं. "आणि वरून कॅथलिक! अरे देवा. आता माझं काय होणार?"

"मेणबत्ती आणू?" सालोमे म्हणाली. आणि मग तीही त्या भाऱ्यावर त्याच्याशेजारी बसून हसली, रडली, पुन्हा हसली. मेंढ्या कंटाळून दुसरीकडे गेल्या.

"दुसऱ्याचं पोर आणायचं आणि घर चालवायचं, ही हिलारीची रीत," फ्रिडली शेवटी म्हणाला. "या घरात ती फक्त मी पाळली. बाल्झच्या बापानं काय पाळलं? रुसवा!"

शुक्रवारी श्टाइनबॉकमध्ये शेवटची बैठक होती. सालोमेनं गळ घातली, बाबा, हळू सांगा, बाल्झला एकट्याला सांगा. पण हळू बोलणं फ्रिडलीच्या घराण्यात, आता ते घराणं कुठलंही असो, नव्हतंच. त्यानं उभं राहून सगळ्या गावाला पहिल्यापासून शेवटपर्यंत गोष्ट ऐकवली. तो टोपीपाशी आला तेव्हा खानावळीतल्या पुरुषांनी आपापल्या टोप्या काढल्या.

बाल्झ पांढराफटक पडला होता. "काहीतरीच, काका. मग माझा नेम? माझा नेम कुठून आला?"

कुणी हसलं नाही. एवढा मोठा गडी, पण तोंड आई हरवलेल्या पोरासारखं झालं होतं. फ्रिडली टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेला.

"गाढवा, रोज संध्याकाळी गिरणी बंद करून तू मैदानावर जातोस. पावसात जातोस, बर्फात जातोस. ते कोण जातं, हिलारी जातो? तुझा नेम तुझा आहे. कुणाकडून उसना घेतलेला नाही. मी तुझ्या जागी असतो तर आज सगळ्यांना बिअर पाजली असती."

बाल्झनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग त्यानं घसा खाकरला, कारण शेवटी अध्यक्ष तोच होता. "रक्त म्हणाल तर हिलारीचं या गावात कुणाच्याच अंगात नाही. घर म्हणाल तर..." तो थांबला. "सालोमेनं झाडावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सगळ्यात उशिरा वर आला तो बाल्झचा, पण आला. आणि बिअरही त्यानंच पाजली.

"माझी एक अट आहे," फ्रिडली म्हणाला. "त्या दिवशी खंदकात मी बसणार. दाखव्या मी."

"काका, तुम्हाला दिसत नाही!"

"माझ्या पणज्याची जागा आहे ती. दिसण्याशी काय संबंध?"

वाद घालून काही उपयोग नव्हता. एक तरणा गडी बरोबर द्यायचा, बावटा आत आल्याचं फोनवर पक्कं झाल्याशिवाय गोळी झाडायची नाही, आणि फ्रिडलीनं काही झालं तरी टोपी घालायची नाही, अशा तीन अटींवर मंडळानं मान्य केलं.

सोहळ्याचा दिवस लख्ख उजाडला. बॅन्ड, झेंडे, पांढरे सॉसेज आणि आलुबुखारचा मुरंबा, खोऱ्यातलं झाडून सगळं माणूस. ओबरश्टॉकहून खास गाडीनं आणलेली क्रेशेन्झ पहिल्या रांगेत ब्लँकेट गुंडाळून बसली होती आणि शेजारच्यांना सॉसेज आपल्याकडचंच कसं चांगलं ते ऐकवत होती. सालोमे आगाथेचा जुना काळा कोट घालून पालथी पडली. आदला अख्खा दिवस तिनं बाल्झकडे सराव केला होता. बाल्झनं शिकवलंही मनापासून. पण आता बंदुकीच्या टोकापलीकडे, त्या फळीखालच्या मातीत, तिचे बाबा बसले होते.

"बावटा आत," बाल्झ फोन कानाला लावून म्हणाला. "दोघेही खाली आहेत. सावकाश, सालोमे."

तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला.

फळीच्या खाली, चांगली हातभर खाली, मातीचा लोट उडाला. सगळ्यांनी बघितला. शेवटच्या रांगेतल्यांनी बघितला. मैदानात हसू फुटायच्या बेतात आलं. भोपळ्याशिवाय सण कसा सुरू व्हायचा! सालोमेनं कपाळ बंदुकीला टेकलं. चला, शोभली एकदाची बापाची लेक.

आणि खंदकातून काठी वर आलीच नाही. वर आला तो छोटा लाल झेंडा, जो फक्त अगदी मधोमध लागलेल्या गोळीला दाखवतात. वर आला आणि जोरजोरात फडकायला लागला.

बाल्झ फोनवर ओरडला, "काका! गोळी मातीत गेली!"

फ्रिडलीचा आवाज एवढा मोठा होता की फोनशिवायही ऐकू आला असता. "दाखव्या कोण आहे, तू की मी?"

"काका, सगळ्यांनी बघितलंय! भोपळा आहे!"

"चाळीस वर्षं भोपळे खाल्लेत मी, बाल्झ. भोपळा मला अंधारातसुद्धा ओळखता येतो. हा भोपळा नाही."

बाल्झनं फोन खाली ठेवला. तो सालोमेकडे बघत होता, आणि सालोमे मातीनं भरलेल्या बाहीनं डोळे पुसत होती. तो मैदानाकडे वळला आणि छाती भरून ओरडला, "पहिली गोळी! हिलारीच्या घरची सालोमे राइनर! मधोमध!"

असा गलका उठला की डोंगरावरच्या गाई बिथरल्या. झेंडा फडकतच होता. शेवटी पुढची गोळी झाडायची म्हणून म्हाताऱ्याला थांबवायला माणूस पाठवावा लागला.